फिल्मवरचं टिंब

३ मार्च, मंगळवार

रविवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, 'शाळेच्या बाईंच्या पाकिटात ही फिल्म सापडली.' तसं झालं नव्हतं. एक्स-रेची ती फिल्म पाकिटात नव्हती, पाकिटाखाली होती. केसपेपरच्या खणाच्या तळाला जो जाड कागद अंथरलाय, त्याच्या घडीत. पाकीट उचलताना कागदाचा कोपरा वर आला आणि ती दिसली. घसरली असेल असं समजून मी ती पाकिटात ठेवली आणि संध्याकाळी लिहायला बसले तेव्हा ती आधीपासून तिथेच होती, असं लिहून मोकळी झाले.

बाबा म्हणतात, डोळ्यांनी पाहिलं ते लिहावं, हाताने आवरलं ते लिहू नये. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्यांनी मला रोजचं पाहिलेलं लिहायला लावलंय. पुढे कॉलेजात दातांची डॉक्टर झाले, पण माझी पहिली शाळा हा दवाखानाच. आधी आजोबांचा होता, मग बाबांचा, आणि दोन वर्षांपासून पाटीवर खाली माझंही नाव आहे, जरा बारीक अक्षरात.

फिल्मबद्दल. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढा आहेत. दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडात एक पोकळी असते, सायनस. लहानपणी वीज गेली की बाबा छोटी बॅटरी माझ्या तोंडात धरायचे, ओठ मिटायला सांगायचे आणि आरसा समोर आणायचे. दोन्ही गाल डोळ्यांखाली लाल उजळायचे. "बघ, तुझ्या घरात दोन रिकाम्या खोल्या आहेत," म्हणायचे. "वर छप्पर म्हणजे डोळ्याची जमीन. खाली जमीन म्हणजे दाढांचं छप्पर. आणि मोरी पार वर छताजवळ. कुठल्या गवंड्याने बांधलं कोण जाणे." एक्स-रेमध्ये त्या खोलीची जमीन बारीक पांढऱ्या रेघेसारखी दिसते. मुळांवरून वळसे घेत जाते, पण तुटत नाही.

या फिल्मवर ती तुटली आहे. उपदाढेपासून नीट निघते, पहिल्या दाढेवर खाली उतरते आणि दुसऱ्या दाढेवर नाहीशी होते. पुसल्यासारखी. वर काळोख दिसायला हवा तिथे राखाडी आहे आणि कडेचं हाड वाळवी लागल्यासारखं. दुसऱ्या दाढेत चांदीचं जुनं फिलिंग आहे, मागची कडा चोचीसारखी बाहेर आलेली. ज्याने भरलं त्याला कड घासायचा कंटाळा असावा.

पोकळीत साधी सूज असली तर रेघ तुटत नाही. रेघ कशाने तुटते ते मला माहीत आहे. इथे तो शब्द लिहीत नाही.

बाईंना डावीकडे वरच्या दाढा दुखतात म्हणून गेल्या महिन्यात बाबांनी त्यांना तपासलं होतं. फिल्म डावीकडची आहे. शुक्रवारी बोलावलंय.

बाबांना आज दाढी करताना उजव्या गालावर चांगलंच लागलं. रक्त कॉलरपर्यंत आलं तरी त्यांना पत्ता नाही. आई म्हणाली, "अहो, आरसा बघून दाढी करता की वर्तमानपत्र बघून?"

६ मार्च, शुक्रवार

बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. खुर्चीत बसल्या तरी वाटतं आपणच बाकावर उभे आहोत. मी त्यांना मान खाली घालायला सांगितली.

"दुखतंय?"

"चार-पाच दाढा एकदम. इतक्या वर्षांत मुलांना मान खाली घालायला लावली, आता फेडतेय."

दाढांवर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकलं. एकच दुखली नाही, ओळीने सगळ्या दुखल्या. गालाचं हाड दाबलं, दुखलं. गाल बधिर नाही, दात हलत नाहीत. सर्दी तीन आठवड्यांची. सगळं साध्या सायनसच्या सुजेसारखं. तरी नवी फिल्म काढली आणि डार्करूममध्ये उभी राहून ती धुतली. घाईत क्लिप दोनदा सुटली.

रेघ अखंड. दुसऱ्या दाढेत फिलिंगच नाही.

मी बाहेर येऊन हसले असणार, कारण बाई म्हणाल्या, "पास झाले वाटतं." त्यांना औषध लिहून दिलं. जिना उतरताना त्या आईला म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे हो, पण घाबरते फार. घाबरट मुलं पेपर मात्र चांगला लिहितात."

मग ती फिल्म कुणाची?

जेवताना बाबांना विचारलं. ते बराच वेळ चावत राहिले. हल्ली एकाच बाजूने चावतात. मग म्हणाले, "जुनी असेल. धुताना बिघडलेली. टाकून दे."

"बिघडलेली नाही, बाबा. रेघ एकाच जागी गेलीय."

"शंकासुरा, जेव." मला ते लहानपणापासून शंकासुर म्हणतात.

नंतर बाईंची नवी फिल्म त्यांना दाखवली. दुधी काचेच्या पेटीवर धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "रेघ एकच आहे ना?" परीक्षेत विचारायचे तसं. मी म्हटलं, "एकच. अखंड." ते म्हणाले, "हं. बरोबर."

९ मार्च, सोमवार

गेल्या तीन महिन्यांत डाव्या वरच्या बाजूचं दुखणं घेऊन आलेल्या सगळ्यांचे केसपेपर काढले. एकोणीस निघाले. ज्यांच्या दुसऱ्या दाढेत चांदीचं फिलिंग आहे असे चार. चौघांना फोन केले. आई दवाखान्याची वही सांभाळते, ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"काय सांगतेस त्यांना?"

"फिल्म पुन्हा काढायची म्हणून."

"अगं, लोक दाताच्या डॉक्टरकडे बोलावल्यावर येत नाहीत. तू तर कारण नसताना बोलावतेस. उद्या म्हणतील, यांना धंदा नाही."

तिघं आले. तिघांची रेघ नीट. चौथा ट्रकवाला आहे, तो गावाला गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल. त्याचा विचार मनातून जात नाही. तो कुठल्या तरी रस्त्यावर गाडी चालवतोय आणि त्याच्या गालात काय चाललंय ते त्याला माहीत नाही, मला माहीत आहे.

एक गोष्ट लिहायला नको वाटतं, पण पाहिलंय ते लिहायचंच. मला वाटतं बाबांना ठाऊक आहे फिल्म कुणाची ते. 'टाकून दे' हे त्यांचं बोलणंच नाही. आजोबांच्या वेळच्या फिल्म्स त्यांनी अजून जपून ठेवल्यात. त्यांच्या नजरेतून कुणाचं तरी दुखणं निसटलं असावं आणि आता ते त्यावर पांघरूण घालतायत. बाबांबद्दल असं वाक्य मी लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

आणि दुसरीकडे ते मला सगळं शिकवायची घाई करतायत. आज कॉम्प्रेसरची टाकी कशी रिकामी करायची ते दाखवलं. खुर्चीवाला मिस्त्री कोण, तो फोन उचलत नसेल तर त्याच्या बायकोचा नंबर कुठला. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. वरच्या कपाटाची किल्ली तेवढी काढून घेतली. त्या कपाटात प्लॅस्टरचे सात साचे आहेत, वरच्या जबड्याचे. प्रत्येकाच्या टाळूला एका बाजूला मोठं भोक. लहानपणी मी त्यांत गोट्या टाकून खेळायचे. फुटके आहेत असं वाटायचं.

"कुठे चाललात का?" मी हसत विचारलं.

"कुठे जातोय," म्हणत त्यांनी तांब्यातून पाणी ओतलं, ते पेल्याच्या शेजारी टेबलावर. आम्ही दोघांनी पुसलं. थकलेत. त्यांनी निवृत्त व्हावं असं मला वाटायला लागलंय, आणि त्याचीही लाज वाटते.

आई तिकडे ओरडत होती, रुमाल भिजत घालायचे तर सांगून घाला, बादलीभर पाणी लाल झालं. बाबांच्या नाकाचा घोळणा फुटतो अधूनमधून. कोरडी हवा.

१० मार्च, मंगळवार

बाबा चष्मेवाल्याकडे जाऊन आले. चष्मा वाकडा बसतो म्हणून गेले होते. चष्मेवाल्याने तो काचेच्या टेबलावर ठेवून दाखवला, चारही टोकं टेकली. "साहेब, चष्मा सरळ आहे," म्हणाला. बाबांनी हे आईला इतकं रंगवून सांगितलं की ती हसून हसून खाली बसली. "म्हणजे मीच वाकडा!"

ट्रकवाल्याचा पत्ता नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज मी पुन्हा चुकले होते असं कळलं. या वेळी चूक मोठी आहे.

शनिवारी मी नव्हते तेव्हा बाबांनी एका पेशंटची फिल्म काढून चौकटीत बसवली होती. केसपेपरवर लिहिलं होतं 'खालची उजवी दाढ'. मी चौकट पेटीवर धरली तर दाढ डावीकडची. पेशंटला तोंड उघडायला लावलं; कीड उजवीकडेच. चौकट उलटी होती.

इथे जरा खोलात लिहायला हवं. फिल्मच्या कोपऱ्यात एक टिंब असतं, बोटाला लागेल इतपत फुगीर. ते आपल्याकडे करून फिल्म धरली तर पेशंट समोर बसलाय आणि आपण त्याच्याकडे बघतोय, असं चित्र दिसतं. कॉलेजात हेच शिकवलं. पण आजोबा टिंब पलीकडे करून धरायचे. "जिभेवर बसायचं आणि बाहेर बघायचं," म्हणायचे. तोंडाच्या आत बसून. तेव्हा उजवं उजवीकडेच दिसतं. बाबाही तसंच शिकले आणि मीही आधी तसंच शिकले. दोन वर्षांपूर्वी या उजव्या-डाव्यावरून आमचं भांडण झालं आणि बाबांनी हार मानली. "तुझ्या पद्धतीने होऊ दे. जिभेवर बसायचं माझं वय नाही राहिलं."

मी चौकट त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, हे काय? उद्या चुकीची दाढ निघेल."

त्यांनी बघितलं, मान हलवली. "हात जुन्या वाटेने गेला. एकटा होतो ना."

दुपारी मला एकदम सुचलं. खणातल्या त्या फिल्मची चौकट चिकटपट्टीने बंद केलेली आहे आणि टिंब पट्टीखाली आहे. मी ते चाचपलंच नव्हतं. भीतीने इतकी घाई झाली की पहिलीच पायरी गाळली. पट्टी सोडवली, बोट फिरवलं.

टिंब पलीकडे आहे. फिल्म उजवीकडची आहे. आणि चौकटीत ती बाबांनी बसवली आहे, एकट्याने.

मी अकरा दिवस चुकीच्या बाजूची माणसं शोधत होते.

१३ मार्च, शुक्रवार

आता उजव्या बाजूचे केसपेपर. तेवीस आहेत. वाचायला सुरुवात केली, पण अक्षरं डोक्यात शिरत नाहीत. माझी खात्रीच झाली आहे, की दोन्ही पद्धती माझ्या डोक्यात एकमेकींवर चढल्यात आणि मला धड एकही येत नाही. उद्या कॉलेजची जुनी वही काढते. टिंबाबद्दल पहिल्या वर्षी काय लिहून घेतलं ते एकदा वाचते, म्हणजे शंका राहणार नाही.

१६ मार्च, सोमवार

शनिवारी वही काढली. दोन दिवस काही लिहिलं नाही. आज लिहिते.

टिंबाचं पान सापडलं. मला आठवत होतं तेच होतं. पुढची पानं उगाच चाळली. पुढे प्रात्यक्षिकांची नोंद आहे, आणि तिच्यात माझ्या आयुष्यातलं पहिलं फिलिंग. वरची उजवी, दुसरी दाढ. चांदीचं. खाली लहानशी फिल्म चिकटवलेली आणि लाल शाईत मॅडमचा शेरा: 'मागची कड बाहेर आली आहे. घासून घेणे.'

चोच.

परीक्षेला पेशंट मिळत नव्हता तेव्हा बाबा बसले होते माझ्या खुर्चीत. दोन तास तोंड उघडं ठेवून. मी रडकुंडीला आले होते, तर कापसाचे बोळे तोंडात असताना म्हणाले, "शावकाश होऊ दे." नंतर मी शंभरदा म्हटलं, बाबा, कड घासून देते. ते म्हणायचे, "राहू दे. तुझी सही आहे ती."

मी दोन्ही फिल्म्स पेटीवर शेजारी शेजारी ठेवल्या. नवी उलटी केली, टिंब माझ्याकडे. तीच उपदाढ, तोच मुळांचा वळसा, तीच चोच. जुन्या फिल्मवर रेघ दोन्ही दाढांवरून नीट जाते. नव्या फिल्मवर ती माझ्या सहीपाशी येऊन संपते.

मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. कापलेला गाल, ज्याला दुखलं नाही. एका बाजूने चावणं. रुमाल. सरळ चष्मा आणि वाकडा चेहरा. सगळं मीच लिहिलं होतं, तारखेनिशी. तेवीस केसपेपर बाहेर शोधत होते आणि चोविसावा माझ्या हातात होता.

बाबांवर मी जो आळ घेतला तो खोडत नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, हाही त्यांचाच नियम.

१७ मार्च, मंगळवार

दुपारी दवाखाना बंद असतो, आई घरी गेली होती. बाबा डार्करूममध्ये फिल्म धुवायचं फिक्सर बदलत होते. मी आत गेले, दार लावलं. लाल दिवा होता. खिशातून बॅटरी काढून त्यांच्यासमोर धरली.

ते बॅटरीकडे बघत राहिले. "किती दिवस लागले?"

"सोळा."

"आजोबांनी दोन दिवसांत सांगितलं असतं. पण ते टिंब चाचपायचे."

"तोंड उघडा, बाबा."

"मला माहीत आहे काय दिसणार ते."

"मला बघायचंय."

मी लाल दिवा घालवला. त्यांनी बॅटरी तोंडात घेतली, ओठ मिटले. डावा गाल उजळला, डोळ्याखाली लाल, लहानपणी आरशात दिसायचा तसा. उजवा उजळला नाही. तिथे त्यांचा चेहराच नव्हता, नुसता अंधार होता. समोर भिंतीवर आरसा आहे. त्यांनी आरशात बघितलं नाही. पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि जे समजायचं ते तिथून समजले.

दिवा लावला. आम्ही दोघं त्या टीचभर जागेत उभे होतो, फिक्सरचा आंबूस वास नाकात.

"कधी काढली फिल्म?"

"अकरा फेब्रुवारीला. तुम्ही दोघी बाजारात गेला होतात. बटण एका हातात, फिल्म दुसऱ्या हाताच्या बोटाने धरून."

"बोट किरणांत घातलंत?"

"बोटाचंच घेऊन बसलीस," म्हणाले, आणि हसले. उजवा ओठ पूर्ण वर गेला नाही.

मी म्हटलं, उद्याच मॅडमकडे जाऊ. त्या कॉलेजात मला शिकवायच्या, जबड्याच्या सर्जन आहेत. बाबांनी वरच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली.

"ते साचे आठवतात? सात आहेत. लग्नाआधी मी मोठ्या हॉस्पिटलात होतो. ऑपरेशन म्हणजे अर्धा वरचा जबडा काढतात. मग टाळूला भोक राहतं, ते बुजवायला पट्टी लागते, कवळीसारखी. ती बनवायचं काम माझ्याकडे होतं. पट्टी काढली की माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही. पाणी प्यायलं की नाकातून येतं. त्यातली एक शिक्षिका होती. मला पाटीवर लिहून विचारायची, 'हजेरी घेता येईल का?'"

"आणि ते सात जण पुढे..."

"ते विचारू नकोस."

त्यांनी फिक्सरच्या डब्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "एक महिना दे. हातात अकरा माणसं आहेत, अर्धवट कामं. ती पुरी करतो, तुला सगळं दाखवतो. मग तू म्हणशील तिथे येतो. तोवर तुझ्या आईला कळता कामा नये. तिला कळलं तर ती माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघायला लागेल. मला एक महिना तरी नुसता नवरा राहू दे."

"बाबा..."

"शब्द दे."

मी दिला. हातावर हात ठेवून दिला. मी आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही. एवढंसं वाचनालयाचं पुस्तकसुद्धा उशिरा दिलेलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

बाबा नवी फिल्म काढू द्यायला तयार झाले. "शिकायचं असेल तर काढ," म्हणाले. मीच काढली, मीच धुतली, टिंब माझ्याकडे करून बसवली, वर पेन्सिलने 'उजवी' लिहिलं आणि तीनदा तपासलं.

पट्टी ठेवून मोजलं. अकरा फेब्रुवारीच्या फिल्मवर रेघेतला खंड चार मिलिमीटर. आजच्या फिल्मवर नऊ. किरणांचा कोन थोडा वेगळा असेल, म्हणून एक सोडून देते. तरी आठ. पाच आठवड्यांत दुप्पट. माझ्या फिलिंगच्या दाढेभोवती हाड जवळजवळ नाही. ती हवेत तरंगतेय. बोटाने हलवून बघितली, हलली. बाबा म्हणाले, "हलतेय?" म्हणजे त्यांना माझं बोट जाणवलंच नाही.

महिना म्हणजे आणखी चार आठवडे. गणित मांडू नये असं वाटलं, पण मांडलं. मग पान फाडलं नाही, फक्त वही मिटली.

संध्याकाळी आई वहीत पुढच्या महिन्याच्या वेळा लिहीत होती. "अगं, यांनी एप्रिलमध्ये एकही पेशंट घेतला नाही. सगळे तुझ्या नावावर टाकतायत. म्हातारपणी आळस सुचला वाटतं. बरंय, कुठे तरी फिरायला नेतील मला."

मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

२१ मार्च, शनिवार

मॅडमना फोन केला. माझ्या पेशंटबद्दल विचारायचंय म्हटलं. कोण ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण आवाज ओळखला असावा, कारण एकदम सावकाश बोलायला लागल्या.

"वय?"

"एकसष्ट."

"गाल बधिर?"

"हो. उजवा. डोळ्याखालपासून ओठापर्यंत."

"नाकातून रक्त?"

"अधूनमधून. त्याच बाजूने."

"दात हलतात?"

"दुसरी दाढ. रेघेतला खंड चारचा आठ झालाय."

त्या लिहून घेत होत्या, पेनचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "आता नीट आठवून सांग. डोळ्याचं काही? डोळा पुढे आलाय? एकाची दोन दिसतात?"

मी नीट आठवलं. बाबांनी डोळ्याबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही. चष्म्याचं होतं, पण ते गालाच्या सुजेमुळे. दोन दिसतात असं ते कधी म्हणाले नाहीत. मी ऐकलेलं नाही ते कसं सांगू?

"नाही," म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी श्वास सोडला. "मग छप्पर शाबूत असावं. तसं असेल तर थोडी जागा आहे आपल्याला. डोळ्यापर्यंत गेलं असतं तर म्हटलं असतं, फोन ठेव आणि अशीच निघ. मी सोमवारी आणि गुरुवारी असते. येत्या आठवड्यात आण. सीटी स्कॅन त्याच दिवशी करून घेऊ. आणि हे बघ, पेशंट नाही म्हणाला तरी आण."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ रडले, पण सुटल्यासारखं. छप्पर शाबूत आहे.

२२ मार्च, रविवार

ठरवलंय, आणि ठरवलं तसं लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मी शब्द मोडणार आहे. बाबांनी मागितला महिना आणि मी देतेय नऊ दिवस. हा दोष माझा आहे आणि तो मी मान्य करते. चुकीच्या बाजूला शोधत अकरा दिवस घालवले, आता बरोबर बाजू माहीत असून चार आठवडे घालवले तर या वहीला काही अर्थ नाही.

सोमवार की गुरुवार, यावर काल दिवसभर विचार केला. सोमवार म्हणजे उद्या. उद्या शाळेच्या बाई फेरतपासणीला येणार आहेत आणि बाबांच्या हातातल्या दोघांच्या कवळ्या बसवायच्या आहेत. ती माणसं दोन महिने मऊ अन्नावर आहेत. आईलाही एकदम सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या थोडी जागा आहे. तेव्हा ही तीन दिवसांची जागा बाबांना द्यावी. अकरांतली निदान पाच कामं पुरी होतील. बुधवारी चार वाजता बाबा लॅबमध्ये कवळ्या आणायला जातात. तेव्हा आईला खाली बसवून सांगेन. दोन्ही फिल्म्स जवळ ठेवेन, पण दाखवणार नाही.

बाबांना गुरुवारी सकाळी सांगेन, दारात, बूट घालून. ते रागावतील. रागावू देत.

दवाखान्याच्या वहीत गुरुवारच्या पानावर माझ्या आणि बाबांच्या, दोघांच्याही वेळा मी आज शाईने खोडल्या. मॅडमसाठी चिठ्ठी लिहिली: 'पुरुष, ६१. उजवी बाजू, पेशंटच्या उजवीकडची.' खाली लिहिलं, 'टिंब चाचपून पाहिलं आहे.'

आज दुपारी बाबा जिन्यावरून खाली येत होते. शेवटच्या पायरीशी थांबले, पायाने जरा चाचपडले, मग उतरले. मी खाली उभी होते. त्यांनी मान वर केली, उजवा डोळा मिटला आणि डाव्याने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मिचकावायचे तसं. किती दिवसांनी. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, त्यांना सगळं आधीच कळलंय आणि ते मनातून तयार आहेत.

मॅडमकडची वेळ: गुरुवार, २६ मार्च. सकाळी साडेदहा.